बोलक्या चित्रांची सात मिनिटे

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची आखणी चालू असताना युवक विभागाने एक प्रस्ताव कार्यकारिणीपुढे मांडला. गणेशोत्सवात नाट्यप्रवेश, नाट्यगीते आणि बालगोपाळांची नृत्ये तर दरवर्षी होतातच; या वर्षी मुलांनी स्वतः काढलेल्या चित्रांचा, अर्ध्या मिनिटाचा का होईना, एक बोलका कार्टूनपट करावा आणि त्यात आपल्या सर्वांच्या पाळण्यापासूनच्या ओळखीचे काऊ-चिऊ असावेत, असा तो प्रस्ताव होता. तो अर्थातच टाळ्यांच्या गजरात मान्य झाला. काम सुरू झाले आणि तिसऱ्याच बैठकीत अडले ते चिमणीच्या चोचीपाशी. चिमणी काढता आली, तिला भुर्रकन उडविताही आले; संगणकाने ते सारे सोपे करून ठेवले आहे. पण चिमणी बोलू लागली की आवाज एकीकडे आणि चोच दुसरीकडे, असा प्रकार होऊ लागला. तेव्हा एका मुलाने मला विचारले, ‘काका, संगणक नव्हता तेव्हा हे लोक काय करायचे?’

प्रस्तुत लेखक या कलेतला जाणकार नव्हे. सरकारी कचेरीत फायली हलविण्यात त्याची हयात गेली. तथापि, या प्रश्नाच्या निमित्ताने बोलणे निघाले आणि असे ध्यानात आले की, भारतात कोट्यवधी मुलांनी पाहिलेल्या, सात मिनिटांच्या एका बोलक्या कार्टूनपटाची कल्पना ज्या बाईंच्या मनात आली त्या आपल्या या दिल्लीतल्या आणि मराठी होत्या, ही गोष्ट त्या खोलीतील एकाही मुलाला ठाऊक नव्हती. त्यांच्या आईवडिलांपैकी दोघांना तेवढी ती ऐकून माहीत होती. चित्रपट मात्र सर्वांना तोंडपाठ! म्हणून हा लेखनप्रपंच.

‘एक अनेक और एकता’ हे त्या चित्रपटाचे नाव आणि १९७४ हे त्याचे वर्ष. कथानक म्हणावे तर अगदीच इवलेसे. एक लहान मुलगा आपल्या थोरल्या बहिणीला ‘अनेक’ या शब्दाचा अर्थ विचारतो. ताई व्याख्या सांगत बसत नाही. ती त्याला सूर्य, चंद्र आणि तारे दाखविते. पहिली दोन एकेकटी, तिसरे मात्र अगणित. मुलाचे तेवढ्याने समाधान होत नाही, म्हणून मग एका खारीमागून पुष्कळ खारी येतात, एका फुलपाखराची पुष्कळ फुलपाखरे होतात, एका पाखराचा थवा होतो. मुलगा गोष्ट सांगण्याचा हट्ट धरतो आणि त्याच थव्याची गोष्ट सुरू होते. दाणे टिपायला उतरलेली पाखरे पारध्याच्या जाळ्यात सापडतात. एकेकीचे बळ पुरत नाही, तेव्हा सगळी मिळून जाळ्यासकट उडतात आणि मित्र असलेल्या उंदरांकडून जाळे कुरतडवून घेतात. गोष्ट संपते तेव्हा मुलगा आपल्या बुद्धीनेच पुढचा प्रश्न काढतो: आपण सारे एक झालो तर त्या झाडाचे आंबेही आपल्याला तोडता येतील काय? ताई म्हणते, येतील, पण युक्ती लढवावी लागेल. आणि मुले एकमेकांच्या खांद्यांवर चढतात. हा दहीहंडीचा मनोरा महाराष्ट्राबाहेरच्या प्रेक्षकांना कसा वाटला असेल कोण जाणे. आम्हांला तो पाहताच ओळखीचा वाटला. शेवटी देशाच्या ऐक्याचे गीत येते व चित्रपट संपतो.

पाखरांची ही गोष्ट पंचतंत्रातील आहे. मित्रसंप्राप्ती या तंत्रातील चित्रग्रीव नावाचा कपोतराजा आणि हिरण्यक नावाचा मूषक यांची ती कथा संस्कृतच्या तासाला आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. विजयाबाईंनी (त्यांच्याविषयी पुढे सविस्तर येईलच) त्यातून राजा काढून टाकला, नावे काढून टाकली, नीतिवचने तर पार वगळली आणि केवळ कृती ठेवली. त्या काळातील सरकारी चित्रपट ज्यांनी चित्रगृहात मुख्य चित्रपटापूर्वी पाहिले आहेत, त्यांना तो पडद्यामागचा धीरगंभीर, उपदेशाच्या सुरातील आवाज आठवत असेल. या चित्रपटात तो आवाज नाही. येथे मूल विचारते, मध्येच अडविते, पुन्हा विचारते. आणि ताई खेळता खेळता उत्तर देते. माझ्या मते चित्रपटाचे निम्मे यश या संभाषणात आहे. राष्ट्रीय एकात्मता हा त्या काळी इतका घासून गुळगुळीत झालेला विषय होता की, तो पुन्हा ऐकून घ्यावयाचा तर एखाद्या चिमुरड्याच्या शंकेतूनच ऐकून घेणे शक्य होते.

आता या कल्पनेमागच्या बाईंविषयी. विजया मुळे यांचा जन्म १९२१ साली मुंबईत झाला. विवाहानंतर त्या पाटण्यास गेल्या, तेथेच पुढील शिक्षण झाले आणि १९४६ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकण्यास गेल्या. उत्तम चित्रपट पाहण्याचे आणि दाखविण्याचे वेड तेथे जडले ते कायमचे. १९५४ च्या सुमारास केंद्र शासनाच्या शिक्षण खात्यात त्या रुजू झाल्या आणि दिल्लीकर झाल्या. दिल्लीतील फिल्म सोसायटीच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. १९५९ साली देशभरच्या अशा सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला तेव्हा सत्यजित राय अध्यक्ष झाले आणि संयुक्त चिटणीस म्हणून चिदानंद दासगुप्ता यांच्याबरोबर विजयाबाईंची निवड झाली. पुढे चित्रपट परीक्षण मंडळाच्या कामानिमित्त मुंबई आणि कलकत्ता येथेही त्यांचे वास्तव्य झाले. हुगळी नदीच्या भरतीच्या लाटेवर त्यांनी १९६७ साली ‘द टायडल बोअर’ हा लघुपट केला. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. ओळखीचे लोक विजयाबाईंना ‘अक्का’ म्हणत. मे २०१९ मध्ये, वयाची ९८ वर्षे पूर्ण करून, दिल्लीतच त्यांचे निधन झाले.

येथे एक गमतीची गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. हिंदीत ‘ळ’ हे अक्षर नित्याच्या वापरात नसल्याने दिल्लीत ‘मुळे’ या आडनावाचा उच्चार बहुधा ‘मुले’ असा होतो. ज्या बाईंनी मुलांसाठी एवढे केले त्यांचे आडनाव हिंदीने आपण होऊन ‘मुले’ करून टाकावे, हा योगायोग एखाद्या कोटीबाज लेखकालाही सहज सुचला नसता. या ‘ळ’चा संबंध लेखाच्या अखेरीस पुन्हा येणार आहे.

बोलक्या चित्रांचा हा प्रपंच आपल्याकडे किती जुना आहे, हेही येथे पाहिले पाहिजे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजातील चित्रकथी कागदावर रंगविलेली रामायण-महाभारतातील चित्रे एकामागून एक प्रेक्षकांसमोर धरतात आणि वाद्यांच्या साथीने त्यांची कथा गाऊन सांगतात. सावंतवाडी संस्थानचा या कलेला आश्रय होता. २०२१ साली तेथील परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळ शहरी मराठी माणसांनी हे नाव प्रथमच ऐकले. चित्र मुके, वाणी माणसाची, असा हा बोलपट विजेवाचून कित्येक पिढ्या चालत आलेला आहे. पण चित्रातील रामाचे ओठ हलले पाहिजेत, अशी अपेक्षा त्या प्रेक्षकांनी कधी केली नाही. ती अपेक्षा सिनेमाने निर्माण केली.

सिनेमाच्या बाबतीत आरंभ दादासाहेब फाळके यांच्यापासूनच करावा लागतो, आणि तो केवळ रूढी म्हणून नव्हे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळावे म्हणून त्यांनी आधी एक लहानसा चित्रपट करून दाखविला होता. कुंडीत वाटाणा पेरून, तो रुजून त्याचे रोप होईपर्यंत, दिवसामागून दिवस थोडीथोडी छायाचित्रे घेत त्यांनी ती वाढ टिपली आणि पडद्यावर ती झरझर घडताना दाखविली. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी त्यांना पैसे दिले. एकेक चौकट स्वतंत्रपणे टिपायची आणि मग सलग चालवायची, हे जे कार्टूनपटाचे मूलतत्त्व, ते भारतात प्रथम एका वाटाण्याने सिद्ध केले असे म्हणावयास हरकत नाही. त्याच तत्त्वावर फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यात आगपेटीतील काड्या आपोआप हलतात. म्हणजे प्रत्येक चौकटीपूर्वी कोणीतरी त्या हाताने सरकविल्या आहेत. निर्जीव वस्तूला हालचाल आली, वाणी यायची होती.

बोलपट आला, आणि कार्टूनपटांचे प्रयोग देशात ठिकठिकाणी झाले. १९३४ साली कलकत्त्यात न्यू थिएटर्सने गुणमय बॅनर्जी यांच्याकडून ‘द पी ब्रदर्स’ करवून घेतला (पुन्हा वाटाणेच!), त्याच सुमारास पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने रघुनाथ केळकर यांच्या हातून ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा कार्टूनपट काढला. ग. के. गोखले यांच्यासारखे काही चित्रकार या कलेत चिकाटीने टिकून राहिले. पण हा व्यवसाय काही मूळ धरीना. एका मिनिटासाठी शेकडो चित्रे, ती काढणारे हात मोजके, आणि चित्रगृहवाल्याला मिळणारा मोबदला शून्य. कंपन्यांनी हौस म्हणून एखाददुसरा प्रयोग केला आणि सोडून दिला.

मूळ धरले ते १९५६ साली, मुंबईत शासनाच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग निघाला तेव्हा. डिस्नेच्या कारखान्यात वर्षानुवर्षे काम केलेले क्लेअर वीक्स हे अमेरिकन चित्रकार तांत्रिक साहाय्याच्या योजनेखाली शिकविण्यास आले. मिशनरी दांपत्याचे हे चिरंजीव भारतातच जन्मलेले होते. त्यांच्या हाताखाली गोखले, राम मोहन आदी मंडळी तयार झाली आणि १९५७ साली जातककथेवरील ‘द बनियन डिअर’ पूर्ण झाला. राम मोहन यांच्याकडे पुढे अनेक जण शिकले. त्यांत भीमसेन खुराना नावाचा एक तरुण होता. (भीमसेन म्हटले की आपल्या मनात दुसराच स्वर घुमू लागतो, याची मला कल्पना आहे!) हे भीमसेन मुलतानचे, फाळणीनंतर त्यांचे कुटुंब लखनौस आले, तेथे त्यांनी चित्रकला आणि शास्त्रीय संगीत दोन्हींचे शिक्षण घेतले, आणि १९६१ साली ते फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वचित्रे रंगविण्याच्या कामावर लागले. १९७० साली त्यांनी स्वतंत्रपणे केलेल्या ‘द क्लाइंब’ला शिकागोच्या महोत्सवात रौप्य पारितोषिक मिळाले. विजयाबाईंच्या कथेला चित्ररूप आणि दिग्दर्शन लाभले ते यांचे. ‘घरौंदा’ हा १९७७ चा गाजलेला हिंदी चित्रपट दिग्दर्शित करणारे तेच हे गृहस्थ.

संगीत वसंत देसाई यांचे. हे नाव मराठी वाचकाला सांगावयास नको. पण त्यांची वाट कशी आली ते पाहण्यासारखे आहे. जन्म १९१२ चा, सावंतवाडी संस्थानातला, म्हणजे चित्रकथींच्याच मुलखातला. कोवळ्या वयात ते प्रभातमध्ये दाखल झाले, शांतारामबापूंबरोबर राजकमलमध्ये गेले, ‘श्यामची आई’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’ यांचे संगीत त्यांनी दिले. शाळकरी मुलांकडून समूहगीते गाऊन घेणे हा तर त्यांच्या आवडीचा विषय होता. ‘एक अनेक’नंतर वर्षभरातच, डिसेंबर १९७५ मध्ये, लिफ्टच्या अपघातात त्यांचे निधन झाले. चित्रपटाचे गाणे गाणारी बालिका म्हणजे दाभोळची साधना घाणेकर. वय सुमारे पाच वर्षांचे. ती पुढे साधना सरगम या नावाने सर्वपरिचित झाली. आणि गीतकार? ते तर दिल्लीचेच: पंडित विनयचंद्र मौद्गल्य. पुण्याच्या विनायकराव पटवर्धनांचे हे शिष्य १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय काढून बसले आणि विष्णु दिगंबरांची परंपरा त्यांनी यमुनेच्या काठी रुजविली. आपल्या मंडळातील कित्येक मुलामुलींनी त्या विद्यालयात सारेगम गिरविले आहे.

तर हा असा मेळ जमला. मुलतानचा चित्रकार, कोकणातला संगीतकार, दाभोळची चिमुरडी, दिल्लीचा गायनाचार्य आणि मुंबई-पाटणा-लीड्स करून दिल्लीत स्थिरावलेल्या अक्का. काही मंडळी हा ‘मराठी माणसाचा चित्रपट’ म्हणून मिरवितात. मला ते रुचत नाही. ज्याचा विषयच अनेकांतून एक हा आहे, त्यावर एकाच भाषेने हक्क सांगू नये. पण उलट, श्रेयनामावली पडद्यावरून सरकून गेली म्हणून त्यातील आपल्या माणसांची नावेही विसरून जावीत, हेही बरोबर नाही. आपल्याकडे नटनट्यांच्या नावांचा जेवढा जप होतो, त्याच्या शतांशानेही पडद्यामागच्या बाईंची आठवण निघत नाही.

आता मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळू: संगणक नव्हता तेव्हा काय करीत असत?

पहिली गोष्ट म्हणजे आवाज आधी आणि चित्र नंतर. नवख्या माणसाला याचे आश्चर्य वाटते. आधी चित्रे हलवून मग त्यांवर आवाज चढवावा, असे आमच्या युवकांनीही केले होते. आणि घोटाळा झाला तो तेथेच. जुन्या पद्धतीत संवाद प्रथम ध्वनिमुद्रित करीत, मग ती ध्वनिपट्टी यंत्रावर अगदी हळूहळू, चौकटी-चौकटीने पुढे-मागे सरकवून ऐकत आणि कोणते अक्षर कितव्या चौकटीवर सुरू होते व कितव्यावर संपते ते एका लांबलचक तक्त्यावर लिहून काढीत. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. ‘बाळ’ हा शब्द अर्ध्या सेकंदात उच्चारला तर त्याला १२ चौकटी मिळाल्या. त्यांतल्या दोनएक ‘ब’च्या मिटलेल्या ओठांना, सहाएक ‘आ’च्या उघड्या तोंडाला, उरलेल्या ‘ळ’ला, असा हिशोब. चित्रकार तो तक्ता समोर ठेवूनच तोंडे काढीत असे.

तोंडे तरी किती काढावयाची? येथे आपल्या पूर्वजांचे वर्णमालेचे शास्त्र फार उपयोगी पडते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णांची विभागणी आपण लहानपणी पाठ केली. पण चित्रकाराला बाहेरून दिसते ते काय? ‘क’ घशात होतो, ‘ट’ टाळूपाशी, ‘त’ दातांमागे. तिन्ही वेळा बाहेरचा मनुष्य एकच तोंड पाहतो. डोळ्यांना निश्चितपणे कळतो तो एकटा पवर्ग. ‘प, ब, म’ म्हणताना ओठ मिटलेच पाहिजेत. ते मिटले नाहीत तर लहान मूलसुद्धा म्हणते की, हा खोटे बोलतो आहे. ‘व’ला खालचा ओठ किंचित दातांकडे जातो. स्वरांपैकी ‘आ’ला जबडा उघडतो, ‘ई’ला ओठ ताणले जातात, ‘ऊ’ आणि ‘ओ’ला ते गोल होतात. अशी सहा-सात तोंडे काढून ठेवली की सारी भाषा बोलता येते. शिवाय जाणते कारागीर सांगतात की, मिटलेल्या ओठांचे चित्र आवाजाच्या एक-दोन चौकटी आधीच दाखवावे. डोळ्याला ते अधिक खरे वाटते. आमच्या मुलांच्या संगणकात तोंडांचा तयार संच होता, पण तो इंग्रजी उच्चारांसाठी बेतलेला. आणि चिमणीला तर ओठच नाहीत! तिची चोच उघडते किंवा मिटते, गोल होत नाही. मग ‘ऊ’ कसा दाखवावयाचा? मान पुढे काढून, डोळा बारीक करून, पिसे किंचित फुगवून. बोलणे हे तोंडापेक्षा अंगाने अधिक होते, ही गोष्ट नाटकवाल्या मराठी माणसाला वेगळी शिकवावी लागू नये.

दुसरी गोष्ट कष्टांची. सात मिनिटे म्हणजे ४२० सेकंद, म्हणजे १०,०८० चौकटी. काटकसर म्हणून एक चित्र दोन चौकटींना वापरण्याची रीत आहे. तरीही हालचालीचे पाच हजारांवर टप्पे झाले. प्रत्येक टप्प्याचे चित्र प्रथम कागदावर पेन्सिलीने, मग पारदर्शक पत्र्यावर शाईने रेषा, मग त्याच पत्र्याच्या पाठीमागून रंग, मग स्थिर पार्श्वचित्रावर तो पत्रा ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपणे. बोलणारे पात्र उभे असेल तर त्याचे अंग एका पत्र्यावर तसेच ठेवून फक्त तोंडाचा निराळा पत्रा बदलत राहावयाचा, ही आणखी एक युक्ती. वाळलेला रंग उपटला, पत्र्यावर बोटाचा ठसा उमटला, धूळ बसली, की पुन्हा पहिल्यापासून.

ही पद्धत जाणून घेतल्यावर ‘एक अनेक’कडे पाहिले म्हणजे त्याच्या विषयाची निवड किती समर्पक होती ते ध्यानी येते. एका खारीच्या अनेक खारी, एका पाखराचा थवा: हे जिवंत प्राण्यांकडून कॅमेऱ्यापुढे करून घेणे दुष्कर, पण चित्रकाराने एक पाखरू नीट उडविले की तेच चित्र गिरवून त्याची दहा पाखरे करता येतात. एकाचे अनेक होणे हा या कलेचा अंगभूत धर्मच आहे. आणि जाळ्यासकट उडणारा थवा तर एकच वस्तू होऊन सरकतो. विषयाने माध्यमाला आणि माध्यमाने विषयाला असे हात दिलेले मी क्वचितच पाहिले आहे. हे सारे विजयाबाईंनी आणि भीमसेन यांनी हिशोब करून ठरविले की सहज घडले, ते तेच जाणोत.

दिल्लीचा यातील वाटा आणखी एका अंगाने पाहिला पाहिजे. भारतात दूरचित्रवाणी प्रथम आली ती येथे, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. १९६१ पासून येथील शाळांसाठी पाठही दाखविले जाऊ लागले. मुंबईला दूरचित्रवाणी मिळण्यास १९७२ उजाडावे लागले. त्यामुळे पडद्यावरून मुलांना शिकवावे कसे, याचा विचार आणि वाद या शहरात आधीपासून चालू होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या छत्राखाली शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्र स्थापन झाले, आणि विजयाबाईंच्या कार्याचा फार मोठा भाग या केंद्राशी निगडित आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रहाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह आपल्यासाठी वर्षभर वळविण्यात आला. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत जाळीच्या छत्र्या उभारून दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असत. ते तयार करण्याच्या जबाबदारीत विजयाबाई अग्रभागी होत्या. वीज पोहोचलेली नाही अशा गावातील मूल, ज्याने सिनेमाही पाहिलेला नाही, त्याच्याशी पडद्यावरून कोणत्या आवाजात बोलावे, या प्रश्नाशी त्या वर्षानुवर्षे झगडत होत्या. ‘एक अनेक’मधील ताईचा आवाज त्याच विचारातून आला असला पाहिजे, असे मला वाटते. हे केंद्र १९८४ मध्ये केंद्रीय शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेत विलीन झाले. अरविंद मार्गावरून जाता-येता त्या आवाराची पाटी आपल्यापैकी अनेक जण रोज पाहतात.

चित्रपटाला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पण लोकांच्या मनात तो रुजला तो दूरदर्शनने वर्षानुवर्षे पुनःपुन्हा दाखविल्यामुळे. कधी कार्यक्रम लवकर संपला म्हणून, कधी पुढचा सुरू होण्यास अवकाश म्हणून, तो लागे आणि घरातील मुले हातातील घास तसाच ठेवून पळत. आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी वसाहतीत राहत होतो. संच एका शेजाऱ्यांकडे, प्रेक्षक चार जिन्यांचे. बंगाली, तमिळ, पंजाबी, मराठी अशी सर्व मुले सतरंजीवर दाटीवाटीने बसत आणि ताईच्या आधी ताईचे उत्तर म्हणून टाकीत. रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले. तोवर त्या मूळच्या रंगीत चित्रपटातील आंबे आम्हांला राखाडीच दिसत होते. माझ्या थोरल्या मुलाला ते आंबे पिवळे आहेत हे कळले तेव्हा तो दहावीत गेला होता, आणि त्याला त्याचे थोडे वाईटच वाटले.

आता पुन्हा आमच्या चिमणीकडे. वरील सर्व ज्ञान पाजळल्यावर युवकांनी आधी आवाज मुद्रित करावयाचे ठरविले. चिमणीसाठी जी मुलगी निवडली ती इयत्ता दुसरीत शिकते. जन्म नोएडाचा, घरी मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. आवाज गोड, ताल पक्का. अडचण एकच: तिच्या तोंडून ‘ळ’ येत नाही. चिमणी-कावळ्याची गोष्ट म्हणजे ‘ळ’ची खाणच. ‘बाळ’चा ‘बाल’ झाला, ‘काजळ’चा ‘काजल’, ‘आंघोळ’ची ‘आंघोल’, आणि खुद्द कावळा ‘कावला’ होऊन दाराशी उभा राहिला. यावरून बैठकीत बरीच वादावादी झाली. काही जणांचे म्हणणे, सांगलीहून नुकत्याच आलेल्या एका भगिनींचे उच्चार निर्दोष आहेत, त्यांच्याकडून बालिकेच्या आवाजात बोलवून घ्यावे. सुवर्णमहोत्सवात अशुद्ध मराठी ऐकू येणे बरे नव्हे. तरुणांचे म्हणणे, दिल्लीतील मराठी मूल असेच बोलते, ते लपवावयाचे कशाला?

मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत. मोठ्या बाईने मुलीचा आवाज काढला की तो ऐकताच कळतो, आणि मग चिमणी कितीही शुद्ध बोलली तरी ती चिमणी राहत नाही. पण ‘ळ’ सोडून द्यावा हेही मनाला मानवेना. हे एक अक्षर गेले की आपली निम्मी आडनावे, निम्मी गावे ओळखू येणार नाहीत. अक्कांच्या आडनावाचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. शेवटी मुलीच्या आजींनी मार्ग काढला. त्या साताऱ्यास असतात. आठवडाभर रोज संध्याकाळी त्यांनी दूरध्वनीवरून नातीकडून जीभ मागे वळवून ‘ळ’ म्हणवून घेतला: बाळ, काजळ, आंघोळ, कावळा, कावळा, आंघोळ, काजळ, बाळ. रविवारी पुन्हा ध्वनिमुद्रण झाले. चौथ्या खेपेस कावळा आला, बाळ आले, काजळही आले. आंघोळीने मात्र दाद दिली नाही, ती ‘आंघोल’च राहिली. दुसऱ्यांदा म्हणवून घ्यावे काय, असे युवकांनी विचारले; मुलगी तोवर पेंगुळली होती. तेच मुद्रण कायम केले.

तक्ता नव्याने तपासला. ‘ल’ आणि ‘ळ’ यांचा फरक तोंडाच्या आत होतो, बाहेर दिसत नाही. त्यामुळे चोचीचे एकही चित्र बदलावे लागले नाही.